मुलांसोबत घरच्या घरी पक्ष्यांसाठी फीडर करायचाय, पहिला फसला, आता काय चुकलं ते सांगा

चिऊची_आई
नमस्कार सगळ्यांना. मुलगी सात वर्षांची आहे आणि मुलगा चारचा. सुट्टी लागल्यापासून दोघांचं चाललंय की पक्ष्यांना खाऊ ठेवूया, म्हणून मागच्या आठवड्यात एक प्लॅस्टिकची बाटली घेतली, दोन्ही बाजूंनी मोठ्या खिडक्या कापल्या, आत तांदूळ भरले आणि बाल्कनीत टांगली. पहिले चार दिवस मुलगी उठल्या उठल्या पडद्याआडून बघायला जायची पण एक पक्षी नाही आला. पाचव्या दिवशी पाऊस झाला, तांदूळ फुगले, मग आंबूस वास यायला लागला आणि दोन दिवसांत काळी बुरशी, सगळं फेकून द्यावं लागलं. मुलगी खूप रडली, म्हणे आपलं घर त्यांना आवडत नाही का. आणि मग कबुतरांना पत्ता लागला, ती फेकलेल्या दाण्यांवर आली ती आता जायचं नावच घेत नाहीत.

मला परत करायचंय पण यावेळी नीट करायचंय. आत काय घालायचं, कुठे टांगायचं, पक्षी यायला किती दिवस लागतात, आणि मुख्य म्हणजे कापाकापी सगळी मीच केली, मुलं नुसती बाजूला बसून होती, तर चार वर्षांच्या पोराच्या हाताला जमेल असं काही आहे का? विकतचा नकोय. त्यांनी स्वतः केलेल्या वस्तूवर पक्षी बसलेला त्यांना दिसावा एवढीच इच्छा आहे.

रानवारा
ताई, तुमची बाटली फसली त्याची तीन कारणं मला दिसतायत. एक म्हणजे खिडकी मोठी, त्यामुळे पाऊस सरळ आत. दुसरं, खाली भोकं नाहीत, मग आत गेलेलं पाणी जाणार कुठे. तिसरं, बाटली भरून दाणे घातले. सुरुवातीला मूठभर पुरतात, पक्षी यायला लागले की वाढवा. ओले दाणे एक-दोन दिवसांत खराब होतात आणि त्या बुरशीने पक्ष्यांना फुप्फुसाचा आजार होतो, त्यामुळे तुम्ही सगळं फेकलंत ते अगदी बरोबर केलंत.

मी गेली बरीच वर्षं एकच डिझाइन करतोय. एक लिटरची बाटली आणि दोन लाकडी चमचे. बाटलीला आरपार भोक पाडून चमचा घालायचा, दुसरा चमचा त्याच्या थोडा वर आणि आडवा, म्हणजे वरून बघितलं तर अधिकचं चिन्ह दिसेल. दांड्याच्या बाजूचं भोक घट्ट ठेवायचं आणि चमच्याच्या वाटीकडचं भोक जरा मोठं, साधारण एक सेंटीमीटर, म्हणजे दाणे हळूहळू वाटीत गळत राहतात. वाटीकडची बाजू किंचित खाली झुकलेली हवी. दांड्यावर पक्षी बसतो, वाटीतलं खातो, आणि संपलं की वरचे दाणे आपोआप खाली येतात. मुलांना हे बघायला फार आवडतं, एक दाणा उचलला की मागून चार घसरतात.

आता यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. खालच्या चमच्याच्या खाली बाटलीत जी जागा उरते ना, तिथले दाणे कधीच बाहेर येत नाहीत, तिथेच पडून कुजतात. म्हणून तेवढ्या भागात आधी धुतलेले बारीक खडे भरा आणि मग वर दाणे. बाटलीला वजनही येतं, वाऱ्यात गरगर फिरत नाही. बुडाला चार-पाच बारीक भोकं पाडा, दाभण गरम करून पाडता येतात पण ते काम मोठ्यांनीच करायचं, मुलांना लांब बसवून. कापलेल्या कडांवर चिकटपट्टी लावा, पक्ष्याचा पाय आणि मुलाचं बोट दोन्ही वाचतात. टांगायला सुतळी घ्या, नायलॉनचा बारीक दोरा किंवा मांजा अजिबात नको, त्यात पाय अडकतो आणि मग सुटत नाही.

दाणे म्हणाल तर बाजरी, राळे, तांदळाची कणी, सूर्यफुलाच्या बिया. अख्खा तांदूळही चालतो पण लहान चोचीला बाजरी-राळे जास्त सोपे. खारवलेलं काही नको, फरसाण, बिस्किटं, चॉकलेट नको, ब्रेडने पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही. अवोकाडो तर पक्ष्यांना विषारीच असतो.

कागदहोडी
मी लहान मुलांना शिकवते, त्यामुळे चार वर्षांच्या हाताबद्दल सांगते. त्या वयाच्या मुलाला कापणं, भोकं पाडणं जमत नाही पण भरणं, ओतणं, माखणं, कोरणं हे सगळं जमतं आणि मनापासून आवडतं. तर त्याच्यासाठी संत्र्याची वाटी करा. संत्रं मधोमध आडवं कापून द्या, तो चमच्याने गर कोरून खाईल, मग उरलेल्या सालीला कडेने तीन भोकं तुम्ही पाडा, त्यातून सुतळ्या त्याने ओवायच्या आणि वर एकत्र गाठ. त्यात तो स्वतः दोन चमचे दाणे घालेल. ही वाटी दोन-तीन दिवसच टिकते, साल आक्रसायला लागली की झाडाच्या मुळाशी टाकून द्यायची. पण माझा अनुभव असा आहे की न टिकणं लहान मुलांसाठी चांगलंच, कारण परवा परत नवीन करायला मिळते.

दुसरी वस्तू टिश्यूच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी. त्यावर बिनमिठाचं, बिनसाखरेचं पीनट बटर चमच्याच्या मागच्या बाजूने माखायचं, ताटलीत दाणे पसरून नळी त्यात लोळवायची, झालं. फांदीत नुसती अडकवायची, दोरासुद्धा नको. फक्त हे थंडीच्या दिवसांत करा, उन्हात ते पातळ होऊन पिसांना चिकटतं. आणि वर्गात किंवा घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हा प्रकार सरळ सोडून द्या. पीनट बटरऐवजी मध लावावा असं बरेच जण सांगतात पण तो चिकट होतो आणि त्यावर बुरशी धरते, मी वापरत नाही.

सात वर्षांच्या मुलीला दुधाचा किंवा ज्यूसचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका द्या. आधी आतून साबणाने स्वच्छ धुवून वाळवायचा. बुडापासून तीन-चार सेंटीमीटर वर खिडकी आखायला तिला पट्टी-पेन्सिल द्या, मोजमाप तिचं. कापताना तीन बाजूच कापायच्या, वरची बाजू तशीच ठेवून तो तुकडा बाहेर वर वळवायचा, झाला छज्जा! पाऊस आत जात नाही. खिडकीखाली आईस्क्रीमची काडी आरपार घातली की बसायला जागा. रंगवायचं असेल तर फक्त बाहेरून, पाण्याचे साधे रंग, आणि चमकी मात्र कुठेही नको, ती दाण्यात पडते. मुलं सुंदर रंगवतात पण आम्ही वर्गात एक ठरवलंय की छज्जा आणि खिडकीची कड कोरी ठेवायची.

अजून एक. सगळ्यात सोपा फीडर म्हणजे फीडरच नसणं. धान्याची कणसं कुठून मिळाली तर पाच-सहा एकत्र बांधून उलटी टांगा. करायला एक मिनिट लागतं आणि पक्षी उलटेसुलटे लोंबकळत दाणे काढतात ते बघायला तासभर मुलं जागची हलत नाहीत.

निळी_शाई
थोडं वेगळं लिहितेय, रागावू नका. मला स्वतःला पक्षी प्राणापलीकडे आवडतात म्हणूनच लिहितेय. फीडर लावणं ही छंदाची गोष्ट नाही, जबाबदारी आहे. एरवी लांब लांब राहणारे पक्षी फीडरवर एका जागी येतात, एकाच वाटीत चोची घालतात, तिथेच शिटतात, आणि एक आजारी असेल तर बाकीच्यांना लागतं. ब्रिटनमध्ये २००५ पासून ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा आजार फिंच जातीच्या छोट्या पक्ष्यांमध्ये पसरला आणि ग्रीनफिंच नावाचा एकेकाळी अगदी नेहमीचा पक्षी इतका कमी झाला की २०२१ मध्ये तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. लाळेतून आणि लाळ लागलेल्या दाण्या-पाण्यातून तो आजार पसरतो. अमेरिकेत १९९४ मध्ये हाऊस फिंचच्या डोळ्यांची साथ आली तेव्हाही फीडरची चर्चा झालीच होती.

त्यामुळे दर दोन आठवड्यांनी फीडर पूर्ण रिकामा करून धुवायला जमणार असेल तरच लावा. पावसाळी हवेत त्याहून लवकर. आणि फुगलेल्या पिसांचा, सुस्त, लाळ गाळणारा किंवा डोळे सुजलेला पक्षी दिसला तर फीडर लगेच उतरवा, निदान दोन आठवडे. मुलांना वाईट वाटेल पण कारण सांगितलं की मुलं समजून घेतात, आपल्याला वाटतं त्याहून जास्त.

आणि दाणे घातले म्हणजे चिमण्या वाचल्या असं नाही. मोठी चिमणी दाणे खाते पण पिल्लांना ती किडे-अळ्या भरवते. म्हणजे कुंड्यांवर कीटकनाशक मारायचं आणि दुसरीकडे फीडर लावायचा याला काही अर्थ उरत नाही. एखादं स्थानिक झाड, थोडं वाढू दिलेलं गवत हे फीडरपेक्षा जास्त कामाचं.

रानवारा
निळी_शाई, बरोबर आहे तुमचं, मी धुण्याबद्दल लिहायलाच विसरलो आणि खरं तर ते सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. पद्धत सांगतो. उरलेले दाणे फेकायचे, ब्रशने घासून साबणाच्या गरम पाण्याने धुवायचं, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचं, भरपूर पाण्याने खळखळून धुवायचं आणि पूर्ण वाळल्यावरच दाणे भरायचे. ब्लीचचं काम मोठ्यांनी, हातमोजे घालून, आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको, वेगळी बादली ठेवा. मी दोन फीडर करून ठेवतो, एक बाहेर असतो तेव्हा दुसरा वाळत असतो. पुठ्ठ्याचे खोके तर धुवूच नका, दोन आठवड्यांनी टाका आणि नवीन करा, संत्र्याचं तर काही प्रश्नच नाही.

फक्त एका बाबतीत मी जरा वेगळा विचार करतो. फीडरने चिमण्यांची संख्या वाढेल म्हणून मी मुलांकडून फीडर करून घेत नाही. ज्या मुलाने रोज सकाळी दहा मिनिटं गप्प बसून चिमणी बघितलीय, त्याला तुमचं ते कीटकनाशकाचं बोलणं लगेच कळतं. ज्याने बघितलीच नाही त्याला नाही कळत.

निळी_शाई
हे मान्य.

पाणवठा
दाण्यांवर एवढं लिहिलंय पण पाणी?? उथळ पसरट भांडं ठेवा, मातीचं असेल तर उत्तम कारण पाय घसरत नाहीत. पाणी कडेला दोन-तीन सेंटीमीटरच, मध्ये पाचपर्यंत चालेल, आणि तिथे एक खडबडीत दगड ठेवा, लहान पक्षी त्यावर उतरतात. रोज सकाळी ओतून, घासून नवीन भरायचं. डासांची भीती असते लोकांना, पण अंड्यापासून डास व्हायला गरम हवेतही आठवडाभर लागतो, रोज ओतलं तर प्रश्नच येत नाही. हे काम चार वर्षांच्या मुलाला कायमचं देऊन टाका, तांब्याने पाणी ओतणं यापेक्षा आवडीचं काम त्या वयात दुसरं नसतं. आणि दाणे न खाणारे पक्षीही पाण्यावर येतात, त्यामुळे बघायला जास्त प्रकार मिळतात.

चिऊची_आई
किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार! निळी_शाई, रागावणार का बरं, उलट हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. दोन शंका राहिल्यात. एक कबुतरांचं काय करू, आणि दुसरं म्हणजे आमच्या बाल्कनीला मोठी काच आहे, मागे एकदा एक छोटा पक्षी धाडकन आपटला होता, तेव्हापासून मला धास्ती आहे की फीडर लावून मी त्यांना काचेकडेच बोलावतेय की काय.

रानवारा
कबुतरांचं आधी. चिमणी तीस ग्रॅमच्या आसपास आणि कबुतर तिच्या साधारण दहापट, या फरकाचाच उपयोग करायचा. बसायची काडी आखूड ठेवा, तीन-चार सेंटीमीटर, कबुतराला त्यावर तोल सांभाळता येत नाही. पसरट ताटली नको आणि जमिनीवर दाणे नकोत, कबुतरं खरी खाली सांडलेल्यावर जगतात. रोज संध्याकाळी खालचं झाडून घ्या आणि फीडर रात्री आत घ्या, नाहीतर उंदीर येतात. तरीही आली तर फीडरभोवती साधारण पाच सेंटीमीटर भोकांच्या जाळीचा पिंजरा करा, चिमणी आत जाते, कबुतर बाहेर राहतं. सध्या जी बसतायत त्यांच्यासाठी एक आठवडा काहीच ठेवू नका, पत्ता विसरतात.

आणि कबुतरांची वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका, पाणी मारून ओली करा, मास्क लावा, मग पुसा. तिची धूळ सतत श्वासात गेली की काही लोकांना फुप्फुसाचा त्रास होतो. हे काम मुलांना देऊच नका. बाकी कुठल्याही फीडरला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, हा नियम घरात सगळ्यांना.

काचेबद्दल ज्यांनी अभ्यास केलाय त्यांचं सांगणं असं की फीडर एकतर काचेपासून एक मीटरच्या आत ठेवा नाहीतर दहा मीटरच्या पलीकडे. ऐकायला उलटं वाटतं पण कारण साधं आहे, काचेच्या अगदी जवळून पक्षी उडाला तर त्याला वेगच आलेला नसतो, त्यामुळे आपटला तरी जीव जात नाही. मधलं अंतर सगळ्यात वाईट, कारण तोपर्यंत तो पूर्ण वेगात असतो आणि काचेत त्याला आकाशच दिसत असतं.

कागदहोडी
आणि काचेवर एकच मोठं ससाण्याचं स्टिकर लावून काही होत नाही, पक्षी त्याच्या बाजूच्या मोकळ्या काचेवर आपटतात. ठिपके किंवा रेघा पाच-पाच सेंटीमीटरवर, पूर्ण काचभर, आणि बाहेरच्या बाजूने लावायच्या. आमच्या वर्गाच्या खिडकीवर मुलांनी साबणाच्या वडीने बाहेरून ठिपके काढले होते, पाऊस येईपर्यंत टिकले, मग परत काढले. मोजपट्टी घेऊन पाच सेंटीमीटर मोजत मोजत गेली सगळी, गणिताचा एक तास त्यात गेला.

पक्षी आपटलाच तर हवेची भोकं असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली मऊ फडकं घालून, अंधारात आणि शांत ठेवायचा. दाणा-पाणी भरवायचं नाही, सारखं उघडून बघायचं नाही. अर्ध्या-एक तासाने बाहेर नेऊन खोका उघडायचा, बरा असेल तर उडून जातो. नाही उडाला तर पशुवैद्य किंवा वन्यजीव बचाववाले.

उन्हाळपाखरू
किती दिवसांत येतात हे कोणी सांगितलंच नाही. कधी दोन दिवसांत, कधी तीन-चार आठवडे. पक्षी फीडर बघून शोधतात, वासावर बहुतेक येत नाहीत, म्हणून वरून दिसेल असा टांगा, पानांच्या आत लपवू नका. दीड-दोन मीटर उंची, जवळ झाड-झुडूप असावं म्हणजे त्यांना पळून बसायला जागा, पण दोन-तीन मीटर लांब, अगदी लगतच्या झुडपात मांजर दबा धरते. जागा रोज बदलू नका! माझ्या लेकाचं आणि माझं इथेच चुकायचं, पक्षी आला नाही की आम्ही दुसरीकडे टांगायचो, आणि तो आमच्याइतकाच गोंधळायचा.

वाट बघण्याच्या दिवसांसाठी एक वही करा. तारीख, वेळ, ऊन की ढग, कोण आलं, कोणी कोणाला हाकललं. पक्ष्याचं नाव माहीत नसलं तरी चालतं, शेपटी लांब की आखूड, चोच जाड की बारीक, एवढं लिहायचं नाहीतर चित्र काढायचं. जाड आखूड चोच म्हणजे बिया फोडणारा आणि बारीक चोच म्हणजे किडे किंवा मध खाणारा हे माझ्या लेकाने वहीवरून स्वतः शोधलं, मी सांगितलं नव्हतं. तो दिवस मी विसरणार नाही. मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, फोटोवरून आणि आवाजावरून नाव सुचवतं, पण आम्ही आधी वहीत लिहितो आणि मगच ॲप उघडतो. दर फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, १९९८ ला सुरू झाला आणि २०१३ पासून जगात कुठूनही भाग घेता येतो, पंधरा मिनिटं बसून मोजायचं आणि नोंद पाठवायची. मुलांना केवढं वाटतं की आपण मोजलेल्या चिमण्या खऱ्या यादीत गेल्या.

चिऊची_आई
तीन आठवड्यांनी लिहितेय. एक आठवडा काहीच ठेवलं नाही, कबुतरं कमी झाली, दोन अजून येतात पण काडीवर बसता येत नाही म्हणून निघून जातात. मग रानवारा दादांची चमच्यांची बाटली केली, खडे मुलाने स्वतः धुतले आणि एकेक मोजून आत टाकले, एकोणचाळीस. काचेपासून अर्ध्या मीटरवर टांगलीय. काचेवर मुलीने पट्टी घेऊन ठिपके काढलेत, आतून बाहेर बघायला आता आम्हालाही सवय झालीय.

अकराव्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी (वहीत आहे) पहिली चिमणी आली. आधी गजावर बसली, मान वाकडी करून बघितलं, उडून गेली. परत आली, दांड्यावर बसली आणि एक दाणा घेतला. मुलगी माझा हात इतका घट्ट धरून उभी होती की मला हलता येईना, आणि धाकटा कुजबुजत म्हणाला, माझ्या खड्यांवरचा दाणा खाल्ला तिने. आता रोज चार-पाच येतात, त्यात काळ्या गळ्याचा नर दादागिरी करतो असं वहीत तीन वेळा लिहिलंय. पाण्यावर एक बुलबुलही येऊन आंघोळ करून गेला.

आज रविवार, धुवायचा वार. बाटली उन्हात पालथी ठेवलीय आणि मुलगी दोनदा विचारून गेली, की आपण फीडर काढलाय तेवढ्यात त्या आल्या आणि रागावून कायमच्या गेल्या तर? दुसरी बाटली संध्याकाळपर्यंत करतोच आहोत, पण तिला काय सांगू?

रानवारा
तिला सांगा, चिमण्या लांब जाणारे पक्षी नाहीत. बहुतेक चिमण्या आयुष्यभर एक-दोन किलोमीटरच्या आतच राहतात, त्याच भिंती, तीच झाडं. तिच्या चार-पाच आत्ता जवळच कुठेतरी बसून बघत असतील. बाटली आतून बोट फिरवून बघायला सांगा, जराही ओलसर लागली तर अजून तासभर उन्हात राहू दे, मगच भरा.